काळी दोन

नाशिकरोड,
रविवार, रात्री

चि. ताईस,
सप्रेम जय भीम.

फोन केला असता तर तू उचलला असतास आणि बोलली असतीस, म्हणून पत्र. डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलंय असं बारक्या म्हणाला. व्हॉट्सॲपवर माझी बोटं कशी चालतात ते तुला ठाऊक आहे. मागे 'जय भीम'चं काय झालं होतं त्यावर तुम्ही दोघं आठवडाभर हसत होतात.

आधीच सांगतो, रागावलेलो नाही. गळ्यातल्या गाठींचं तू बारक्याला सांगितलंस, आईला सांगितलंस, आत्यालासुद्धा. मला कळलं ते आत्याकडून, लग्नाच्या पंगतीत, पुढ्यात जिलबी वाढलेली असताना. असो.

गळा दुखतो का? गिळताना काही वाटतं का? बारक्याला विचारलं तर म्हणतो, "आप्पा, स्वरतंतूंवरच्या गाठी दुखत नसतात, आवाज फाटतो." मग मी विचारलं, किती फाटतो? त्यावर तो गप्प. तो गप्प बसला की मला भीती वाटते.

गळ्याबद्दल फार लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. दुसरं सांगतो. नानाने बेंजोच्या तारा बदलल्या. टेकडीवाल्यांची जयंती या वेळी सव्वीस एप्रिलला आहे, बयाना देऊन गेले. पाण्याचा नळ आता एक दिवसाआड येतो. आईच्या गुडघ्याचं तसंच.

कुजबुजतेस का? कुजबुजू नकोस. हे मला आत्ता कळलं. डॉक्टर म्हणे की कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण येतो. आणि मी काय शिकवलं तुम्हाला? कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून "हळू, घशात बोला, गळा राखा." ट्रॅक्स गाडीत मागच्या सीटवर तुम्ही दोघं मांजरीच्या पिल्लांसारखी कुजबुजायचात आणि मी पुढे बसून खूश, की पोरं शिस्तीची आहेत. ज्येष्ठमध दिला, कंकोळ दिलं, मिठाच्या गुळण्या करवल्या. आणि रात्री दोनला कार्यक्रम संपला की कुठल्यातरी हॉटेलात तिखटजाळ मिसळ खायची आणि तसंच गाडीत आडवं व्हायचं. त्याने पोटातलं आम्ल वर येऊन गळा जळतो म्हणे. एका हाताने खडीसाखर दिली अन् दुसऱ्या हाताने तर्री.

मला पळसे गावातली ती रात्र आठवते. तुला आठवते की नाही माहीत नाही, तू तेरा वर्षांची होतीस. दुरंगी सामना होता, दोन गाणाऱ्या पार्ट्या समोरासमोर, समोरची पार्टी तगडी, आणि ओळीने चौथी रात्र जागून माझा आवाज बसलेला. एक वाजता मुखडा उचलायला गेलो तर नुसती हवा आली. लोक हसले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं. पेटीच्या रिकाम्या खोक्यावर तुला उभं केलं, कारण माईकचा स्टँड खाली येत नव्हता, त्याचा स्क्रू गंजलेला. निळा फ्रॉक, एका पायात पैंजण, दुसरं ट्रॅक्समध्ये पडलेलं. तू डोळे मिटून वामनदादा कर्डकांचं गाणं धरलंस आणि मंडप असा गप्प झाला की मागच्या जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. मग बक्षिसं. दहा-दहाच्या नोटा, एक आजी तर पदराची गाठ सोडत सोडत स्टेजपर्यंत आली. तिची पाचाची नोट आईने कुंकवाच्या नव्हे, बटणांच्या डबीत ठेवलीय. अजून आहे, कालच पाहिली.

त्या रात्री मला एवढा अभिमान वाटला की दुसरं काही सुचलंच नाही.

दुसरं म्हणजे हे, की तू माझ्या सुरात गायलीस. काळी दोन, पेटीची दुसरी काळी पट्टी. बेंजो काळी दोनला लावलेला, नानाची बोटं काळी दोनवर बसलेली, भर सामन्यात कोण तारा पिळत बसणार? एका रात्रीपुरतं चाललं असतं. पण लोकांना तो चढा आवाज आवडला, आणि पुढची चौदा वर्षं मी सूर बदललाच नाही. पार्टीचा सूर म्हणजे माझा सूर. तुझा सूर त्याहून खालचा, काळी चार आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. तू घरात भाकरी थापताना गुणगुणायचीस ते काळी चारमध्येच.

परवा बारक्याने मोबाईलवर काढून दाखवलं. काळी दोनवर तू तार सा, म्हणजे वरचा सा लावतेस तेव्हा स्वरतंतू सेकंदाला सहाशेहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. तुझ्या सुरात तोच सा सव्वाचारशेच्या आतच राहतो. आपटतात तिथेच घट्टे पडतात, हमालाच्या तळहाताला पडतात तसे. मी तो आकडा कागदावर लिहून घेतला. का लिहून घेतला, माहीत नाही. त्यात वर स्टेजवर आपल्याला आपलाच आवाज कधी ऐकू आला नाही. सगळे कर्णे लोकांकडे तोंड करून. ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडायचो, आणि त्यालाच मी 'जोश' म्हणायचो. आता दहाला माईक बंद करावा लागतो, म्हणून तीन तासांत सगळी रात्र कोंबायची. पूर्वी पहाटेपर्यंत गायचो, पण मधे सवालजवाब, चहा, समोरच्या पार्टीची बारी, गळ्याला उसंत तरी मिळायची. आता शेजारी डीजे आणि आपण त्याच्याशी भांडतोय.

बघ, गळ्याचं लिहायचं नाही म्हणालो होतो.

तू निघून गेलीस त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं अर्धं तरी परत घ्यायचंय. "कोरसला कमी समजू नकोस, प्रल्हाददादा शिंदे इस्माईल आझाद कव्वालांच्या पार्टीत कोरसलाच होते," असं म्हणालो होतो. ते खरंच आहे. पण तू जे उत्तर दिलंस तेही खरं होतं: ते कोरसमधून बाहेर आले म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. त्यांच्या घरात आनंददादा, मिलिंददादा गायले, आता आदर्श गातो, आणि प्रत्येकाचं नाव वेगळं घेतलं जातं. आपल्या कार्डावर माझं नाव 'आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त तू, तुझी आई, नाना, बारक्या, सगळी कोंबलेली. तू कार्ड टेबलावर आपटलंस तेव्हा मला उलट्या काळजाची वाटलीस. आता वाटतं, चौदा वर्षं आपटलं नाहीस हेच जास्त.

तरी पण कल्याणला जाऊन ऑर्केस्ट्रात रात्रीच्या रात्री हिंदी गाणी, दिवसा स्टुडिओत कोरस, त्यात लोकलचा प्रवास, त्या धुळीत मोठमोठ्याने बोलणं, याला काय अर्थ आहे? शरीर म्हणजे काय मशीन आहे? आजाराची पहिली खूण दिसली तेव्हाच थांबायला नको होतं का? माणसाने आपली मर्यादा...

खोडत नाही, राहू दे. थांबायचं तुला शिकवलं कोणी? एकशे दोन ताप असताना तुला जयंतीला नेणारा मीच. माफ कर.

२००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाददादा. तू लहान होतीस. त्या पावसाळ्यात मला वाटायचं, आता आपल्यासारख्यांनी गायचं कोणाचं ऐकून? वामनदादा आपल्याच सिन्नरचे, देशवंडीचे. मोठेपणी दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले आणि पुढे केवढी गाणी लिहिली. तुझ्या आजोबांनी मला ती गोष्ट सांगितली होती, मी तुला सांगितली, कंटाळा येईपर्यंत सांगितली. तेव्हा तू म्हणाली होतीस, "मग आप्पा, मीपण माझं लिहीन." मी म्हणालो, आधी पाठांतर कर.

आता पंधरा दिवस बोलायचं नाही. वाटलं तर लिही. गाण्याचंच लिही असं नाही.

डॉक्टर आवाजाचे व्यायाम सांगतील ते कर. बारक्या म्हणतो, अशा गाठी बहुतेक वेळा व्यायामानेच जातात, कापाकापी लागत नाही. बहुतेक वेळा म्हणजे किती वेळा, हे मी त्याला तीनदा विचारलं. पैशांची काळजी करू नकोस, टेकडीवाल्यांचा बयाना जसाच्या तसा ठेवलाय. त्या दिवशी मुखडा मीच घेईन. नानाला काल म्हटलं, काळी चार लाव, बघू. माझा आवाज तिथे खाली, तळाशी जाऊन बसला, विहिरीत बोलल्यासारखा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. तू उलट्या बाजूने एवढी वर्षं हेच केलंस.

रोज रात्री नऊला एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, बोलायला लागशील. नुसतं वाजू दे.

तुझा,
आप्पा

ता. क. : नाना गुरुवारी कल्याणला येतोय, त्याच्याबरोबर आईने बाजरीचं पीठ आणि लाडू दिलेत. मिरचीचा ठेचा मी काढून घेतला, आईला सांगू नकोस. नव्या कार्डाचा मजकूरही देतोय, प्रेसवाला शनिवारपर्यंत थांबलाय. तुझं नाव पहिल्या ओळीत घातलंय. आडनावासकट हवं की नुसतं, ते कागदावर लिहून नानाकडे दे.