सड्यावरच्या आजींना, रानकांद्याबद्दल

ती. आजींना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळच्या सड्यावर, त्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, तुम्ही आम्हा तिघांवर ओरडला होतात. त्या ओरडण्याचे आभार मानायला वर्ष लागलं, त्याबद्दल आधी माफी.

बाबांचा खोकला हटत नव्हता. रानकांद्याच्या काढ्यानं कफ सुटतो, असं आतेभावानं मोबाइलवर कुठंतरी वाचलेलं. जांभ्याच्या भेगेत पान एकही नाही, नुसती उभी काडी आणि तिच्यावर मळकट तपकिरी फुलं, तीही मिटलेली. संध्याकाळी उमलतात, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. भावानं कांदा उकरला नि तुम्ही गवताचा भारा टाकून आलात.

बाबांना हृदयाची गोळी चालू आहे म्हटल्यावर तुम्ही तो कांदा भावाच्या हातातून काढूनच घेतलात. कोयतीनं कापून माझ्या नाकाशी धरलात. दर्प नाही, डोळ्यांत पाणी नाही. पांढराशुभ्र, बुळबुळीत. रस लागला ते मनगट मात्र मी तासभर खाजवत होते. "हाताला असा लागतो, तर पोटात जाऊन काय करंल?" म्हणालात.

परत आल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. रानकांद्यातली ग्लायकोसाइड्स नावाची द्रव्यं हृदयाचे ठोके मंद करतात, आकुंचन जोरकस करतात. बाबांची डिजॉक्सिनची गोळीही तेच करते. वर काढा गेला असता तर उलट्या, ठोके बिघडणं, काहीही. खोकल्यावर हा कांदा वापरत आलेत, हे खोटं नाही. याचा भूमध्य समुद्राकाठचा भाऊबंद युरोपात कफाच्या औषधात असायचा. आणि त्याच्याच लाल जातीनं उंदीर मारायचे! भावाला हे ऐकवलं, तेव्हापासून तो मला औषधं सुचवत नाही.

बाबांच्या तळपायाचं कुरूप तुमच्या लक्षात कसं आलं, कोण जाणे. लंगडत होते म्हणून असेल. तोच कांदा चुलीत भाजलात, अर्धा करून सोसवेल इतका गरम फडक्यानं बांधलात. आम्ही मुक्कामाला होतो ते चार दिवस रोज बांधला. कातडी मऊ पडली, बाबा नीट चालायला लागले. गुण कांद्याचा की शेकाचा, मला ठरवता येत नाही. बाबांना विचारलं तर ते तुमचं नाव घेतात.

पैसे घेतले नाहीत. उरलेले दोन छोटे कांदे मात्र परत मातीत दाबायला लावलेत, "पावसात पानं येतील, मग वळख" म्हणून.

आणि हो, तुमची कोयती आमच्याच गाडीत राहिली. मूठ सैल होती, ती बसवून घेतलीये. मे महिन्यात येतोय, तेव्हा आणते.

तुमची,
पुण्याची पाहुणी