कागदी डबीची हुकलेली पायरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागली की बालपुरवण्यांमधून ओरिगामीच्या आकृत्या येऊ लागतात आणि त्यांत चौरस कागदाची डबी हमखास असते. जपानमधील धान्य मोजण्याच्या चौकोनी लाकडी मापावरून ‘मासू’ म्हणून ओळखली जाणारी ही डबी कात्री आणि डिंक यांना हात न लावता होते, म्हणून ती मुलांना शिकवावी हे योग्यच आहे. परंतु छापल्या जाणाऱ्या बहुतेक आकृत्या ऐन मोक्याच्या ठिकाणी मुलांना वाऱ्यावर सोडतात, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

चारही कोपरे मध्यबिंदूवर आणणे, तयार झालेल्या लहान चौरसाच्या चारही कडा मध्यापर्यंत दुमडून उघडणे, मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उलगडून उरलेल्या दोन बाजूंच्या भिंती उभ्या करणे, इथपर्यंत चौथीतले मूलही सहज पोहोचते. तिसरी भिंत उचलताना मात्र तिच्या दोन्ही टोकांचा कागद आत वळावा लागतो. आकृतीत तिथे एक वाकडा बाण असतो आणि पुढच्या चित्रात एकदम तयार डबी! या अडचणीचे मूळ पहिल्याच घडीत आहे. मध्यबिंदू काढण्यासाठी बरेचदा कर्णांवर घड्या घालायला सांगतात. त्याऐवजी कागद उभा आणि आडवा निम्मा दुमडून अधिकच्या चिन्हासारख्या घड्या घातल्या तरी मध्यबिंदू मिळतोच, शिवाय त्याच रेघा पुढे डबीच्या चारही कोपऱ्यांत, जिथे कागद आत वळायला हवा, नेमक्या तिथे येतात. त्या नखाने नीट दाबलेल्या असल्या, तर भिंत उचलताच कोपरा आपसूक आत जातो आणि वरचे टोक आत वळवून तळाच्या मध्यावर बसवले की भिंत पक्की होते. घोटीव कागद यासाठी उत्तम. कार्डशीट जाड पडते.

मोठ्या मुलांसाठी यात भूमितीही आहे. तळाची बाजू कागदाच्या कर्णाच्या एक चतुर्थांश आणि उंची एक अष्टमांश असते. २० सेंटीमीटरच्या चौरसाचा कर्ण सुमारे २८.३ सेंटीमीटर, म्हणून तळ सुमारे ७.१ आणि उंची ३.५ सेंटीमीटर. ४०० चौरस सेंटीमीटर कागदातले अवघे ५० तळाच्या वाट्याला येतात. बाकीचा भिंतींत आणि थरांत जातो, म्हणूनच डबी डिंकाशिवाय उभी राहते. झाकणाचा कागद अर्धा सेंटीमीटर मोठा घेतला की त्याचा तळ जेमतेम पावणेदोन मिलिमीटरने वाढतो आणि ते अलगद बसते. हा विचार आपल्याकडे नवा नाही. घड्यांमधून भूमिती शिकवणारे टी. सुंदर राव यांचे इंग्रजी पुस्तक १८९३ सालीच मद्रासमध्ये प्रसिद्ध झाले होते.

आपणांस विनंती अशी की, पुरवणीत डबीची लहान लहान चित्रे छापण्याऐवजी २० सेंटीमीटरचा एक पूर्ण चौरस सर्व घड्यांच्या रेघांसह छापावा, म्हणजे मुलांना तो कापून थेट दुमडता येईल. सोबत एक सूचनाही असावी: वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार मनाई आहे. तेव्हा या डबीत टाचण्या, बटणे, खोडरबर ठेवावेत. तिळगुळासाठी डबी करायची असल्यास कोरा कागद घ्यावा आणि आत बटर पेपर घालावा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा