वर्गणी गोळा करा, पण आधी जीनचा रिपोर्ट मागा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरात अधूनमधून 'ब्लड कॅन्सरवर नवी गोळी' अशी बातमी येते आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की आमच्या लॅबच्या काउंटरवर लगेच माणसं विचारायला येतात, ही गोळी कोल्हापुरात मिळते का हो. मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं कुणी कुठली गोळी घ्यावी हे सांगणं माझं काम नाही. पण बातमीत एक गोष्ट हमखास सुटते म्हणून हे पत्र. गोळी कुणाला लागू पडणार हे पेशंटच्या कॅन्सर पेशीतला जीन बघितल्याशिवाय कळतच नाही, आणि आपल्या भागात नेमकी तीच तपासणी मागं राहते.

एएमएल हा झपाट्यानं वाढणारा ब्लड कॅन्सर. मायक्रोस्कोपखाली बऱ्याच पेशंटच्या पेशी एकसारख्याच दिसतात पण आतला बिघाड वेगळा असतोय. दहातल्या साधारण तिघांत एफएलटी३ नावाचा जीन बिघडलेला असतो, तेवढ्याच जणांत एनपीएम१, काहींत आयडीएच. कुणाचा आठ आणि एकवीस नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा एकमेकांत बदललेला असतो, असा पेशंट केमोला चांगला प्रतिसाद देतो आणि बऱ्याचदा त्याला सुरुवातीलाच ट्रान्सप्लांट (दुसऱ्याच्या बोनमॅरोच्या पेशी घालणं) करावं लागत नाही. टीपी५३ बिघडलेला निघाला तर मात्र अवघड. आणि पंधरा-सतराची अदलाबदल असेल, म्हणजे एपीएल हा एएमएलचाच एक प्रकार, तर रक्तस्रावाचा धोका एवढा की डॉक्टर नुसत्या संशयावर एट्रा नावाची गोळी चालू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. त्याच्या जोडीला आर्सेनिक, हो तोच सोमल, आणि यातून बहुतेक पेशंट बरे होतात.

आता आपल्याकडं काय होतं. घरातलं पोरगं आजारी पडलं की तालीम मंडळं, मित्रमंडळी स्टेटसला क्यूआर कोड लावतात, दोन दिवसांत लाखात रक्कम उभी राहते, यात कोल्हापूरचा हात कुणी धरणार नाही. पण हे सगळे पैसे 'ट्रान्सप्लांटसाठी' म्हणून बाजूला ठेवलेले असतात, आणि ट्रान्सप्लांट लागणार का, कधी लागणार हे ज्या रिपोर्टवर ठरतं तो काढलेलाच नसतो, कारण तो महाग आहे म्हणून नंतर बघू असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ऊसवाल्या माणसाला माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका हे पटतंय, इथं का पटू नये.

आणि वेळ लई महत्त्वाची. मिडोस्टॉरिन ही एफएलटी३ वरची गोळी अमेरिकेत २०१७ ला मंजूर झाली, ती केमोच्या आठव्या दिवसापासून सुरू करतात. म्हणजे रिपोर्ट पहिल्या आठवड्यात हातात पाहिजे, महिन्याभरानं आलेला काय कामाचा. तिची ७१७ पेशंटवर चाचणी झाली, चार वर्षांनी गोळीवाल्यांत ५१.४ टक्के जिवंत होते आणि नुसत्या केमोवाल्यांत ४४.३. फरक खरा आहे पण चमत्कार नाही, हेडिंग देताना तुम्हीही जरा बघा.

पैशाचं म्हणाल तर मिडोस्टॉरिन सगळ्यांना झेपणारी नाही. पण सोराफेनिब नावाची जुनी गोळी आहे, मूळची लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरची, ती एफएलटी३ लाही रोखते. २०१२ ला भारत सरकारनं तिच्यावर देशातलं पहिलं कंपल्सरी लायसन्स दिलं, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ती बनवायची परवानगी, आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांची गोळी ८,८८० रुपयांवर आली. आपल्याकडचे बरेच डॉक्टर काही पेशंटना ती वापरतात. म्हणजे गोरगरिबाला परवडणारा मार्ग आहे, पण एफएलटी३ बिघडलाय हे कागदावर आल्याशिवाय कुठला डॉक्टर ती लिहून देईल?

सरकारनं २०२५ च्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर काढू असं सांगितलंय. चांगलं आहे, नुसत्या खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड मांडू नका एवढंच. त्या सेंटरमधूनच बोनमॅरोचं (हाडातल्या मगजाचं) सॅम्पल त्याच दिवशी पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला जायची सोय करा, खर्च सरकारी योजनेतून होऊ दे. कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात आरटीपीसीआर मशीन आल्या, एपीएल आणि एनपीएम१ ची तपासणी त्याच जातीच्या तंत्रानं होते, माणसं ट्रेन केली तर ती इथंच करता येईल. एफएलटी३ ला वेगळं मशीन लागतं, ते बाहेर पाठवू.

सॅम्पल पाठवणं म्हणजे नुसतं कुरिअर नव्हे हेही सांगतो. क्रोमोसोम बघायला पेशी जिवंत लागतात, त्यामुळं हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) हिरव्या टोपीची ट्यूब, फ्रीझ करायची नाही, आणि एक-दोन दिवसांत लॅबला पोचली पाहिजे. जीनसाठी जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब, तीही रक्त गोठू न देणारीच. चंदगड, शाहूवाडीकडच्या पेशंटचं सॅम्पल शनिवारी दुपारी काढलं की सोमवारपर्यंत उचलणारा कुणी नसतोय, आणि २०१९ सारखा पूर येऊन शिरोलीजवळ हायवे बंद झाला तर मग बघायलाच नको. तेव्हा रविवारची आणि पुराच्या दिवसांतली पिकअपची जबाबदारी कुणाची हे आधीच लिहून ठेवा.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, राजारामपुरी, कोल्हापूर