बाबांच्या कागदांसाठी धावून आलेल्यांचे आभार

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. भांडीकुंडी सहज हलली, प्रश्न बाबांच्या कागदांचा होता. कॉलेजात इतिहास शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी गिरगावच्या विहिरींचा माग काढला. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, पुढे मलेरियाच्या धास्तीने कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या. कुठली कुणाच्या अंगणात होती, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर, लग्नपत्रिकांच्या मागेसुद्धा लिहून ठेवलंय. (अक्षर मात्र देवाघरचं!)

नावं लिहू नका, असं सगळ्यांनीच बजावलंत. ठीक आहे.

रद्दीवाले काका, "सरांचा कागद मी तोलणार नाही" म्हणालात आणि वर सुतळी देऊन गेलात. अभिलेखागारातून निवृत्त झालेल्या ताई, तुमचे उपकार सर्वांत मोठे. तुम्ही सांगितलंत, दमट कागद उन्हात नको, मध्ये टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. आणि सरांनी जे एकत्र बांधलं ते एकत्रच राहू दे, तो क्रमही त्यांचंच काम आहे. हे शेवटचं मला कधीच सुचलं नसतं. मोडी वाचणाऱ्या मुलांनो, जुन्या भाडेपावत्या तुमच्यामुळे बोलत्या झाल्या. बोरिवलीच्या मावशींनी तर कोरडी खोलीच दिली.

यादी करणं चालू आहे, विहिरींपासून सुरुवात केलीय. आणि टॅक्सीवाले दादा, तुम्ही वेटिंगचे पैसे घेतले नाहीत, तो हिशेब बाकी आहे.