अंगण मोकळं ठेवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं आमचं अंगण तुम्ही पावसाआधी सुधारून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ते चारचौघांत मानतोय, कारण तुमची पद्धत खारघर-ठाण्यातल्या तळमजल्यांनाही उपयोगी पडेल.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत उभी केली. साधारण ७ घरं मिळून सुमारे ८ मीटर लांब-रुंद अंगण, अशा तीन गटांचा मिळून मोठा चौक, आणि पुढे वसाहतीतून वाहणारा ओढा. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला त्याला सवडीने घर वाढवता यावं. बांधकाम तर गवंड्याला सहज जमेल असंच ठेवलेलं. तुमच्या हातावर इतका भरवसा ठेवणारी वास्तुकला आम्हाला फार मोलाची वाटते.

अंगणभर काँक्रीट ओतून वर पेव्हर ब्लॉक बसवले की काय होतं, हे तुम्ही भिंतीजवळ बसून दाखवलंत. पाणी मुरत नाही, जोत्याशी साचतं, विटांतून वर चढतं आणि प्लास्टरला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारला तर ओल आतच कोंडते आणि प्लास्टरचे पोपडे सुटतात. म्हणून तुम्ही ओलीच्या रेषेच्या वर ३० सेंटिमीटरपर्यंत प्लास्टर काढलंत, लोणा कोरड्या ब्रशने झाडलात (धुतला असता तर क्षार पुन्हा विटेत गेले असते), भिंत पूर्ण वाळू दिलीत आणि मगच चुन्याचा गिलावा केलात.

सगळीकडेच पाणी मुरवायचं नसतं, हा तुमचा मुद्दा तर सर्वांनी लक्षात ठेवावा असा. जोत्यालगत ६० सेंटिमीटरची पाणी न मुरणारी घट्ट पट्टी, तिला घरापासून दूर उतार. तिथून पुढे मात्र काँक्रीट नाही. माती दाबून जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे चिखल वर चढत नाही. त्यावर १० सेंटिमीटर खडी, मग ३-४ सेंटिमीटर बारीक ग्रिट (दगडाचे बारीक खडे) आणि ब्लॉक. सांध्यांत सिमेंट नाही, कच (दगडाचा चुरा) हीसुद्धा नाही, कारण त्यातल्या भुकटीने सांधे बुजतात. धुतलेली बारीक ग्रिटच. मीटरमागे १ सेंटिमीटर उतार ओढ्याच्या बाजूला. अंगणाची पातळी जोत्याखाली १५ सेंटिमीटर. कडेला कर्ब पक्का बांधलात, नाहीतर दोन पावसांत ब्लॉक सरकतात.

आंब्याभोवती सगळ्या बाजूंनी १ मीटर माती उघडी ठेवलीत. बुंध्याला माती थापू दिली नाहीत, साल कुजते म्हणून. वर आलेलं मूळ छाटायला निघालेल्यांनाही थांबवलंत आणि ब्लॉकची ओळच वळवून घेतलीत. ते वळण अंगणातलं सगळ्यात देखणं काम आहे.

अंगणावर पत्रा टाकायची सूचना आली, तेव्हा तुम्ही साफ नाही म्हणालात, हे फार बरं झालं. भोवतालच्या खोल्यांना उजेड आणि वारा तिथूनच मिळतो. आकाशाकडे उघडी जागा हीसुद्धा खोलीच, हा कोरियांचा आग्रह होता, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात तो पटतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दरवर्षी मे अखेरीस सांध्यांतला पाचोळा काढून ग्रिट भरू. उरलेली ग्रिट पोत्यांत भरून ठेवली आहे.

तुमचे,
अंगणाभोवतालचे शेजारी
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई