बाबा, ती भीक नव्हती

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काकांनी तुम्हाला सगळं सांगितलंच आहे. कारखाना बंद झाला, मी ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, बेकारभत्ता घेतला आणि आता एक तारखेपासून साकीनाक्याला पॅकिंगच्या कामावर जातेय. पगार आधीपेक्षा अडीच हजारांनी कमी. होकार देऊन झालाय, आई, तेव्हा "जरा दम धर" म्हणू नकोस.

बाबा, "आपल्या घरात फुकटचं कुणी खाल्लं नाही" असं तुम्ही काकांना म्हणालात म्हणे. मीही नाही खाल्लं. माझ्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जायचा आणि मालकाचा सव्वातीन टक्के जायचा. आजारपण, बाळंतपण आणि नोकरी गेली तर आधार, हे त्याच पैशातून. भत्ताही काही ऐषआरामाचा नसतो: सरासरी पगाराच्या निम्मा, जास्तीत जास्त 90 दिवस आणि आख्ख्या जन्मात एकदाच. 2018 मध्ये ही भत्त्याची योजना आली तेव्हा तर पाव पगारच होता, कोरोनात तो निम्मा केला. त्यातून पिंट्याची फी भरली आणि ह्यांच्या रिक्षाचा हप्ता चुकला नाही. सावकाराचं तोंड बघावं लागलं नाही, हे तुम्हाला बरंच वाटलं असतं.

18 जानेवारी 1982ला तुमचा गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. आईच्या पाटल्यांचं आणि तुमच्या दादरच्या भाजीच्या पाटीचं मी ऐकलंय फक्त. पाटीत उरलेले पेरू मात्र आठवतात. तुम्ही त्याला मीठ-तिखट लावायचात आणि दादाच्या आधी मला फोड द्यायचात. अडीच लाख माणसं घरी बसली आणि कुणी विचारलं नाही. आणि बेकायदा ठरवलेल्या संपातल्या माणसाला हा भत्ता आजही मिळत नाही, मी नियम वाचले. म्हणजे तुम्हाला आताही दमडी मिळाली नसती. म्हणून माझा भत्ता तुम्हाला टोचतोय का? टोचत असेल तर मला मुळीच राग नाही. पण तो राग माझ्यावर काढू नका, बाबा.

माझे भत्त्याचे थोडे दिवस शिल्लक होते. कामावरची मैत्रीण म्हणाली, तेवढे संपव आणि मग लाग. तिचं चुकत नाही, नियमच तसा आहे. दुसरीकडे कामाला लागलं की त्या दिवसापासून भत्ता बंद. म्हणजे लवकर काम शोधणारी बाई तोट्यात. तुमच्या ग्रुपवर ते विलायतेतल्या ऐतखाऊंचं आलं होतं ना, तिथे तरी आता तसं राहिलेलं नाही. 2012 मध्ये त्यांनी कायदा बदलला. युनिव्हर्सल क्रेडिट नावाच्या त्यांच्या सरकारी मदतीत माणूस कमवायला लागला की मदत एकदम तोडत नाहीत, पौंडामागे 55 पेन्स कापतात. उरलेले 45 त्याचे. कापतात जास्तच, पण काम करणाऱ्याच्या हातात न करणाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त पडतात. आपल्याकडे उरलेल्या दिवसांचा निम्मा भत्ता जरी कामावर रुजू होणाऱ्याला दिला, तर कोण कशाला दिवस मोजत बसेल? लोक आळशी म्हणून घरी बसतात हे मला पटत नाही. हिशोब बसत नाही म्हणून बसतात. आमच्या सुपरवायझर बाईला पगारवाढ नको वाटायची, कारण 21,000च्या वर गेलं की ईएसआयच्या कार्डावर पुढे पाणी सोडायचं आणि त्याच कार्डावर तिच्या आईचं डायलिसिस चालू होतं.

मी मात्र दिवस संपवले नाहीत. चार-पाच महिने रिकामी राहिलेल्या चाळिशीपुढच्या बाईला कोण घेतं? आणि खरं सांगू, दुपारी घरात बसवत नव्हतं. हे तुमचंच रक्त.

काळजी करू नका. भांडुपहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो, उन्हातान्हात चालायचं नाही. डबा घरचाच. ईएसआय चालू राहील. तुमचे दर महिन्याचे पैसेही तेवढेच येतील, त्यात एक रुपयाही कमी होणार नाही. एकच आहे, नव्या कामावर लगेच सुट्टी मागता येत नाही, म्हणून यंदा गणपतीला दीड दिवसच. आई, गौरीच्या ओवशाला मी नसेन. वहिनीला सगळं माहीत आहे, तिला करू दे, मध्ये मध्ये बोलू नकोस. मोदकाचं पीठ तू मळलंस की झालं.

डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर मी आल्यावरच. तोवर रात्री मागल्या दारी जाताना बॅटरी घ्यायची. बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. माडावर चढणाऱ्याला पैसे द्या, स्वतः शिडी लावू नका. पेन्शनचा हयातीचा दाखला संपत आला असेल, दादाबरोबर तालुक्याला जाऊन अंगठा देऊन या. हजार असोत की दोन हजार, तुमच्या घामाचे आहेत.

तुमची,
बेबी

ता. क. आमसुलं पाठवू नका, डबा अजून अर्धा आहे. कुळथाचं पीठ चालेल.