‘आमच्याकडं कुणालाच नव्हतं’

महोदय,

मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन रक्तपेढीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर सिकलसेलच्या, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, कळांनी विव्हळणारा सातेक वर्षांचा पोरगा, त्याचा हात चोळत बसलेली आई आणि तिला ऐकू जाईल असं बोलणारी आजी : ‘आमच्याकडं कुणालाच नव्हतं, हिनंच आणलं!’

आजार एकट्या आईकडून येत नाही. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आलं तर मूल वाहक होतं आणि सहसा आयुष्यभर ठणठणीत राहतं. म्हणूनच तर ‘कुणालाच नव्हतं’ असं वाटत राहतं.

दुसरा गैरसमज याहून घातक. दोघे वाहक असले की ‘चारात एक’ हे ऐकून लोक हिशेब मांडतात, की पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात धोका नव्यानं २५ टक्के.

विदर्भात, नंदुरबारकडं हा आजार नवा नाही. २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीमही सुरू आहे. तपासणीत मिळालेलं, आपण वाहक आहोत की नाही हे सांगणारं कार्ड मात्र घरोघरी रेशनकार्डाच्या पिशवीत पडून असतं. लग्न ठरवताना छत्तीस गुण बघतात, हे कार्ड कुणी मागत नाही. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच, अर्थात नाव गुप्त ठेवून, तपासणी आणि समुपदेशन का करू नये?

– एक वाचक, चंद्रपूर